आमची येस गाडी

भाट्याच्या किनाऱ्यावर रोज फिरायला गेलं की गाडीतल्या मॅटखाली वाळू साठते. रोज झटकतो, तरी कधीतरी मॅट उचलावी तर खाली छोटासा किनारा तयार! किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवत नाही. चार म्हातारी माणसं रोज एका गाडीत बसतात, उतरतात, एकमेकांवर चिडतात, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "सर, तो फेरीबोटीचा सांगा ना." तेव्हा कळतं, बरेच साठलेत.

सांगायला मी योग्य माणूस आहे का, याची मला शंका आहे. मला बहुतेक गोष्टींची शंका असते. मी इथल्या, रत्नागिरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. पीएच.डी. केली ती कंपनांवर. हलणारी वस्तू हळूहळू शांत कशी होते, हा विषय. त्या अभ्यासाचा माझ्या हातांना काही उपयोग झाला नाही. गाडीची किल्ली घेतली की ते हलायला लागतात, आणि शांत होत नाहीत. हे किस्से ऐकून लोक हसतात. हसावं. मी मात्र त्या प्रत्येक वेळी खरोखर घाबरलो होतो.

गाडीतली माणसं सांगतो. मी चालवणारा. माझी बायको मालती, जी कशालाच घाबरत नाही. चीफ मयेकर, म्हणजे जन्मभर मालवाहू बोटींवर चीफ इंजिनिअर असलेला आणि अजूनही तसाच वागणारा माणूस. आणि शिवराम गुरव, यष्टीतून निवृत्त झालेला कंट्रोलर. त्याचा आवाज अजून स्टँडवरच्या लाउडस्पीकरसारखा आहे. शेजारी केतकर वकील राहतात. ते आमच्या गाडीत नसतात, पण त्यांच्या गाडीशिवाय आमच्या गाडीची गोष्ट सांगता येत नाही.

* * *

सगळं एका अक्षरामुळे झालं.

माझी आणि वकिलांची, दोघांच्याही जुन्या गाड्या एकदमच थकल्या. मग ठरलं, दोघांनी एकच मॉडेल घ्यायचं. लांब डिकीची, शांत, पांढरी गाडी. वकील शोरूममध्ये जाऊन, प्रत्येक कागद वाचून, सही करून आले. मी फोनवर उरकलं.

शोरूमचा माणूस घाईत होता. रंग विचारला, विमा विचारला, मग म्हणाला, "सर, मग येस ना?"

मी म्हणालो, "येस."

आता, एसटीला यष्टी म्हणणारी माणसं आपण. इंग्रजी एस हे अक्षर आपल्या तोंडून 'येस' असंच येतं. मी स्वतः फळ्यासमोर उभा राहून 'येस इज इक्वल टू यूटी' म्हणत आलो. तो विचारत होता, एस मॉडेल ना? मी ऐकलं, नक्की ना? एस म्हणजे स्पोर्ट.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी आल्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या वाटाव्यात. वकील दोन्हींभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या जाळीवर ही लाल रेघ कसली?" मग दिसायला लागलं. माझ्या गाडीचे आरसे काळे. चाकं मोठी आणि टायर पापडासारखे पातळ. मागे धुराचे दोन पाइप. गाडी जमिनीला जरा जास्तच जवळ. स्टीअरिंग तर खालून सपाट! मला वाटलं, आणताना वाकलं.

शोरूमचा माणूस पेढे घेऊन आला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की साध्या गाडीत आणि हिच्यात नेमका फरक काय. त्याने इंजिन, टर्बो, कडक स्प्रिंगा, मोठे ब्रेक असं बरंच सांगितलं. माझा चेहरा बघून शेवटी सोपं करून म्हणाला, "सर, साधी विचारून पळते. येस न विचारता पळते."

बदलून मिळेल का, असं मी विचारणार होतो. पण तोवर मालती, म्हणजे ही, पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"राहू दे हो," ही म्हणाली. "आयुष्यात एकदा तुम्ही विचार न करता येस म्हणालात."

* * *

पहिल्या सकाळी घरून, नाचण्याहून, भाट्याला निघालो. चाचणी आहे म्हणून चीफ पुढे बसला.

जुनी गाडी मी जशी चालवायचो तसाच पाय ठेवला. काही झालं नाही. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. म्हणून आणखी दाबला. मग तिला दोन्ही वेळचं एकदम ऐकू गेलं!

माझं डोकं मागे आपटलं. पुलाच्या अलीकडे एक मासेवाली टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो आणि गाडी तिच्यापासून बऱ्याच लांब, जागच्या जागी थांबली. ते मोठे ब्रेक नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. बाई काही घाबरली नाही. टोपली सावरत काचेजवळ आली आणि म्हणाली, "ओ आजोबा, इमानतळ मिरजोळ्याला हाय."

चीफने किनाऱ्यावर पोचेपर्यंत टर्बो समजावला. बाहेर जाणारा धूर वाटेत एक चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं, आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. आमच्या बोटीवर घराएवढा होता, वगैरे. मी विचारलं, मग आधी ती गप्प का राहिली?

"चक्राला फिरायला क्षणभर लागतो, सर. तेवढा दम धरायचा. तुम्ही फिजिक्सवाले ना?"

मी हो म्हणालो. पण त्यावेळी मला तेही खात्रीने सांगता आलं नसतं.

* * *

ह्या गाडीच्या पुढच्या सीटा दोन्ही बाजूंनी फुगीर आहेत. वळणावर माणूस हलू नये म्हणून. वकिलांच्या गाडीत सपाट, दिवाणासारख्या आहेत. गुरव अंगाने भरलेला. एकदा हट्टाने पुढे बसला, बसला तो बसलाच. भाट्याला पोचल्यावर दार उघडलं, एक पाय बाहेर काढला, आणि मग पुढचं काही जमेना.

मी घाबरलो. त्याला रक्तदाबाचा त्रास आहे, तोंड लाल झालेलं. मी एक हात धरला, चीफने दुसरा. चीफ बोटीवरचा नांगर ओढल्यासारखा एक, दोन, तीन करत होता. किनाऱ्यावर फिरणारे लोक जमले. कुणीतरी विचारलं की पेशंट आहे का.

ही मागून उतरली, सीटखाली हात घातला आणि खटका ओढून सीट मागे सरकवली. गुरव सुटला. कपडे झटकत जमलेल्या लोकांना स्टँडवरच्या आवाजात म्हणाला, "यष्टीत माणूस सीटवर बसतो. हिच्यात सीट माणसावर बसते."

* * *

हा पुढचा मला सांगवत नाही, पण हीच सांगायला लावते.

एका सकाळी बंदराकडच्या गल्लीतून येताना चाकाखाली काहीतरी आलं. धप्प झालं. आरशात पाहिलं तर मागे काही दिसलं नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो की दगड असेल. फाटकात गाडी लावली, वाकून पुढच्या चाकात पाहिलं. चाकाच्या आऱ्यांमधून आत लाल भडक!

मी तिथेच पायरीवर बसलो. मांजर असेल, असं मनात म्हणालो. आणि मग मांजराहून मोठं जे जे काही त्या गल्लीत सकाळी असतं, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. हिला हाक मारली. म्हणालो, "माझ्या हातून काहीतरी झालंय. पोलिसांत जायला हवं."

ही आली. वाकली. आऱ्यांमधून बोट घालून पुसून पाहिलं. बोट कोरडं. मग काही न बोलता दुसऱ्या चाकाशी गेली, तिसऱ्या, चौथ्या.

"चारही चाकांनी मारलंत का?"

चाक धरून थांबवणारा ब्रेकचा जबडा होता तो. साध्या गाडीत करडा असतो, येसमध्ये मोठा असतो आणि लाल रंगवतात. का, म्हणून मी शोरूमला फोन केला. तो म्हणाला, "दिसावा म्हणून, सर." मी विचारलं, कुणाला?

आणि ते धप्प? नारळाचं सोडण होतं, वरची काथ्याची साल. दुसऱ्या दिवशी चिरडलेलं तिथेच पडलेलं दिसलं. वकिलांच्या गाडीत कळलंही नसतं. त्यांच्या मऊ स्प्रिंगा रस्त्याची निम्मी हकिगत गिळून टाकतात. माझी गाडी सगळं सांगते. माझ्यासारख्या माणसाला सगळं सांगू नये.

* * *

गिअरच्या शेजारी एक बटण आहे, त्यावर इंग्रजी एस. शोरूमच्या माणसाने सांगितलं होतं की ते दाबलं की गाडी आणखी तिखट होते. मी त्याला स्पर्शही करायचा नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं माझ्या हातून फार काळ टिकत नाही.

मारुती मंदिरच्या सर्कलला, भर गर्दीत, रुमाल ठेवायला गेलो आणि ते दाबलं गेलं. समोरचे काटे लाल झाले. इंजिनाचा आवाज फाटला. स्टीअरिंग जड झालं. मला वाटलं, आग! गाडी होती तिथे थांबवली आणि ओरडलो, "उतरा, सगळे उतरा!"

सगळे उतरले. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. गुरव लगेच सर्कलमध्ये उभा राहिला आणि जन्मभराच्या सवयीने गाड्या सोडायला लागला. एका यष्टीला तर त्याने राजापूरची म्हणून पुकारलंही. खरा वाहतूक पोलीस आला तोवर वाहतूक बऱ्यापैकी सुरळीत झाली होती. चीफ पुन्हा आत बसून काट्यांकडे बघत होता. बाहेर येऊन म्हणाला, "आग नाही. स्पोर्ट लागलाय."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. "काका, मग प्रॉब्लेम काय आहे गाडीचा?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ती पळायला तयार आहे."

घरी आल्यावर हिने पाकिटातून एक मोठी मरून टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. एस नेमका झाकला गेला. "दिसलं नाही म्हणजे हात जाणार नाही," म्हणाली. चीफने ती टिकली पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं की त्याच्या कुठल्याही बोटीवर सेफ्टीचं इतकं चांगलं काम झालेलं नव्हतं.

* * *

आता फेरीबोटीचा.

चीफच्या भाचीचं लग्न गुहागरला होतं. दोन्ही गाड्या निघाल्या. जयगडहून तवसाळला फेरीबोटीतून गाडी नेता येते, लांबचा वळसा वाचतो. पण आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट खाली गेलेली, त्यामुळे धक्क्यावरून उतरायचं, मग बोटीच्या लोखंडी फळीवर एकदम चढायचं. मधे खोलगट कोन.

वकिलांची गाडी गेली. एखादी म्हैस पाण्यात उतरावी तशी, निवांत. माझ्या गाडीने नाक खाली घातलं आणि कर्रर्र असा आवाज आला, की माझ्याच दातांचा वाटावा. मागे घेतली. पुन्हा कर्रर्र. मागे गाड्यांची रांग, पुढे पाणी. मला दोन्ही कोन काढता येत होते. त्यांच्यातून गाडी कशी न्यायची, ते येत नव्हतं.

चीफने ताबा घेतला. बोटीचं नाव निघाल्यावर त्याला थांबवणं शक्यच नाही. "सगळे उतरा, वजन कमी करा! सर, तिरकी घ्या. स्लो अहेड!" गुरव उतरला तशी गाडी खरंच थोडी वर आली. ही उतरली नाही.

"तू पण उतर," मी म्हणालो.

"मी बसते."

गाडी तिरकी घेतली. एक चाक आधी, मग दुसरं. मी डोळे मिटले होते की काय, मला आठवत नाही. गेली! धक्क्यावर टाळ्या पडल्या. चीफने हिला सलाम ठोकला. "कॅप्टन बोट सोडत नाही!" लग्नात त्याने हा प्रसंग सगळ्यांना सांगितला आणि प्रत्येक वेळी हिचं धैर्य थोडं वाढवलं. मलाही अभिमान वाटला.

परत येताना चीफ आणि गुरव वकिलांच्या गाडीत बसले, आमच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "खरंच भीती वाटली नाही?"

"भीतीचं काय त्यात," ही म्हणाली. "उतरले असते तर बोटीवर चालत चढावं लागलं असतं. अलीकडे चढावर दम लागतो मला."

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. तिने काच खाली केली.

* * *

डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. ऑपरेशन करावं लागेल, कोल्हापूरला. तारीखही मिळाली. पण निघताना डॉक्टर म्हणाले, "त्याआधी दम वाढला तर वाट बघत बसू नका. गाडी आहे ना? थेट निघायचं."

गाडी आहे ना! मला त्या वाक्याने झोप येईना. गाडी होती. घाट होता. चालवणारा मी होतो.

गुरवला म्हटलं, एकदा आंबा घाटाचा सराव करून येऊ. तो आनंदाने आला. त्याला तो घाट पाठ. मी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत, पुढून काही येतंय का ते बघत, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वेगाने चढत होतो. मागून यष्टी आली, हॉर्न देत पुढे गेली. ड्रायव्हरने गुरवला ओळखलं आणि हात केला. दुसरी आली, तिनेही हात केला. दुधाचा टेम्पोही पुढे गेला.

गुरवने बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं. "सर, मागं रांग लागलीय. पुढं कोण नाय. आपण घाट चढत नाय, वरात काढलीय."

मी म्हणालो, सुरक्षित तर पोचू. गुरव गप्प बसला की मला जास्त भीती वाटते.

* * *

त्याच आठवड्यात मी चुकून वकिलांच्या गाडीत बसलो.

दोन्ही गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांची उघडीच होती. मी दार उघडून बसलो आणि मला एकदम बरं वाटलं. सीट अंगावर आली नाही. स्टीअरिंग गोल, पूर्ण गोल. मी टिकलीकडे पाहिलं तर टिकली नाही. बटणही नाही! तिथे, त्याच जागी, त्याच आकाराचं काळं झाकण होतं. मी ते दाबूनही पाहिलं. खाली काही नव्हतं. ज्याला ते नको, त्याच्यासाठी तिथे नुसतं झाकण बसवतात.

मी किती वेळ त्या झाकणावर बोट ठेवून बसलो होतो कोण जाणे. काचेवर टकटक झाली. वकील होते. "सर, वकीलपत्र घेतलंत की काय माझं?"

मी उतरलो आणि तिथेच त्यांना विनवलं की वेळ आलीच तर हिला तुम्ही न्या, तुमच्या गाडीतून. माझा माझ्यावर भरवसा नाही. वकील चांगला माणूस आहे. लगेच हो म्हणाले. फोन करा, असेन तिथून येतो.

हिला सांगितलं तर ही निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांच्या गाडीत असं काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "तेच तर."

हिने मग भाजी पुढे ओढली. "मला तुम्ही नेणार असाल तर मी येईन," म्हणाली.

* * *

आता शेवटचा. गाडीतलं ते बटण सध्या उघडं आहे. ही तिथे नवी टिकली लावू देत नाही.

ऑपरेशनच्या तारखेला अजून अवकाश होता. दुपारची वेळ. ही ओट्यापाशी उभी होती, ती स्टुलावर बसली. बोलायला लागली तर एका वाक्यात दोनदा थांबली. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, कपाळावरचा घाम पुसला, कोल्हापूरला फोन केला. अॅम्ब्युलन्स राजापूरकडे गेलेली होती. "ती यायची वाट बघू नका," म्हणाले. "इंजेक्शनचा परिणाम आहे तोवर पोचा."

मी वकिलांना फोन लावला. ते खेडच्या कोर्टात होते. लगेच निघतो म्हणाले. खेडहून रत्नागिरी, मग पुढे कोल्हापूर. मला हिशेब करायचीही गरज नव्हती. तोवर चीफ आणि गुरव धावत आले होते. चीफ म्हणाला, तो इथे थांबून तिकडच्या डॉक्टरांशी बोलत राहील. गुरव न विचारता मागे जाऊन बसला.

हातखंबा गेलं, पाली गेली, साखरपा गेलं. ही डोळे मिटून बसली होती. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेल्या त्या सीटने तिला नीट धरून ठेवलं होतं. वळणावर ती हलत नव्हती. तिचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता, आणि माझं सगळं लक्ष तिकडेच होतं.

घाट लागला आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. चालणाऱ्या माणसाने मागे टाकावा इतका हळू. मी त्याच्या मागे लागलो.

एक सरळ तुकडा आला. गुरव म्हणाला, "सर, पुढं मोकळा हाय. घ्या."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

तोवर तुकडा संपला, वळण आलं.

दुसरा आला. गुरव काचेला नाक लावून बघत होता. "घ्या, सर."

"नक्की ना?"

वळण.

मग गुरव सांगायचा थांबला. ट्रकच्या मागे लाल धूळ उडत होती, ती आमच्या काचेवर बसत होती. मी फवारा मारून पुसत होतो. तेवढंच मला सुचत होतं. बाजूचा श्वास मधेच अडला, पुन्हा सुरू झाला.

हिने डोळे उघडले. काचेवरची, उन्हासाठीची झडप खाली ओढली आणि तिच्यातल्या आरशात पाहिलं. मी मघापासून तिच्याकडे बघायचं टाळत होतो, ते याचसाठी. डॉक्टरांनी घाम पुसला तेव्हा टिकली गेली होती. मी ते कपाळ दवाखान्यातच पाहिलं होतं.

"कपाळ मोकळंच राहिलं," ही म्हणाली.

हात पुढे केला. नखाने बटणावरच्या टिकलीची कड सोडवली. गोंद बराचसा वाळला होता. आरशात बघत तिने ती टिकली कपाळावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. बराच वेळ. अंगठा काढला. टिकली राहिली.

वळण संपलं. पुढे रस्ता सरळ होता, आणि दिसत होता तिथपर्यंत रिकामा.

मी नेहमीप्रमाणे विचारायला तोंड उघडलं.

हिने बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"येस?"

मी म्हणालो, "येस."